कैतानचं डावं कोपर

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कुमसारला जायचं, ही आमच्या गावठणातली जुनी रीत. कुमसार म्हणजे फादरसमोर गुडघे टेकून आपली पापं सांगणं. मी विशीपासून जातोय आणि तेव्हापासून माझ्या यादीत एक पाप कायम आहे. बाकीची येतात-जातात. खोटं बोललो, बायकोवर खेकसलो, रविवारची मिस्सा चुकवली, ही सगळी हंगामी पिकं. हेवा मात्र बारमाही.

आमचे जुने फादर जाळीपलीकडून विचारायचे, “इनास, तोच ना?”

“तोच, फादर.”

“कैतान?”

“कैतानच.”

“बरं. तीन नमो मारिया म्हण. आणि या वेळी त्याच्यासाठी म्हण.”

मी म्हणायचो, अगदी मनापासून म्हणायचो. ‘माते, कैतानला बहारीनला चांगली नोकरी मिळू दे.’ तिकडून त्याला लवकर सुट्टी मिळू नये, हे मनातल्या मनात. मातेने यातलं काहीही ऐकलं नाही.

या वर्षी नाताळ अंकाच्या मंडळींनी गळ घातली, ‘इनासकाका, तुमच्या बँडच्या दिवसांवर लिहा.’ म्हटलं, लिहितो. पण बँडवर लिहायचं तर या पापावरही लिहावं लागेल, कारण दोन्ही मी एकाच माणसाच्या पाठीमागे उभं राहून केलं.

साठ सालाच्या सुमाराला आमचा बँड नऊ माणसांचा होता. अंधेरी पूर्वेला, टेकडीच्या अंगाला आमचं गावठण. आम्ही इथले जुने भातशेतीवाले, घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. दिवसा कुणी शेतात, कुणी कारखान्यात. मी एका कारखान्यात लेथवर होतो. संध्याकाळी दुमिंगमास्तरांच्या पडवीत तालीम. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँडही तेच चालवायचे. त्यांना लहानपणी एका पाद्रीने नोटेशन शिकवलं होतं. त्यांनी ते आम्हा सगळ्यांना शिकवायला घेतलं, पण टिकलो मी एकटा. कैतानला नोटेशनचा कागद दाखवला तर तो म्हणायचा, “तारेवर कावळे बसलेत. त्यांना काय वाजवू?” मग मास्तर ती चाल एकदा वाजवून दाखवायचे, कैतान डोळे मिटून ऐकायचा आणि दुसऱ्या फेरीला अशी वाजवायचा की मास्तर चष्मा काढून पुसायला लागायचे. मी मात्र ती चाल आठ दिवस कागदावर घोटलेली असायची.

कैतान आणि मी एकाच आठवड्यातले. आमचा बाप्तिस्माही एकाच रविवारी झाला. माझी आई सांगायची, डोक्यावर पाणी पडल्यावर मी देऊळ डोक्यावर घेतलं आणि कैतान हसला. फादरांनी त्याचा गालगुच्चा घेतला म्हणे. तिथूनच सुरुवात.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी आम्ही तेव्हा कुणालाही सांगितली नव्हती. लोक कॉर्नेटला, म्हणजे तीन बटणांच्या आखूड पितळी तुतारीला, पिपाणी म्हणतात. म्हणोत. पण ती नुसती फुंकायची वस्तू नाही. तोंडाशी एक छोटी पितळी वाटी असते, तिच्यात ओठ थरथरवायचे. वरचा ओठ समोरच्या दातांवर दाबला जातो. अर्ध्या तासाने तो सुजतो, पाऊण तासाने बधिर होतो आणि तरी वाजवत राहिलात तर फाटतो. लग्नाची वरात चालते तीन-तीन तास. मग पहिला कॉर्नेटवाला तीन तास वाजवतो कसा? तो वाजवत नाही.

पहिला कॉर्नेट म्हणजे कैतान. दुसरा कॉर्नेट म्हणजे मी. मी त्याच्या डाव्या खांद्यामागे उभा. एरवी मी खालचे सूर धरायचो. पण त्याचा ओठ थकला की तो डावं कोपर जरासं बाहेर काढायचा, बस. तेवढ्यावर मी वरची चाल उचलायचो आणि तो कॉर्नेट तोंडाशी तसंच धरून नुसती बोटं हलवायचा. ड्रम, झांजा, क्लॅरिनेट, लोकांची गडबड. कुणाच्या बापाला कळायचं नाही. लोकांना दिसायचा पुढे उभा असलेला गोरा, उंच, कुरळ्या केसांचा कैतान. ऐकू यायचो निम्मा वेळ मी.

“एक तोंड, दोन माणसं,” दुमिंगमास्तर म्हणायचे. “आणि हे बँडच्या बाहेर जाता नये. लोक कैतानला ऐकायला बोलावतात. त्यांना कळलं की निम्मा कैतान मागे उभा असतो, तर बोलावतील काय? बायकोलाही बोलायचं नाय.” बँडमध्ये घेताना त्यांनी आम्हाला वेदीसमोर उभं करून तसा शब्द घेतला होता.

बायकोलाही नाही, इथेच माझं घोडं अडलं.

माझं घर गल्लीच्या वळणावर. गावातली कुठलीही मिरवणूक देवळाकडून निघाली की आमच्या वळणावर पोचेपर्यंत बराच वेळ झालेला असायचा, म्हणजे कैतानचा ओठ थकलेला आणि कोपर बाहेर आलेलं. त्या वळणावर वर्षानुवर्षं जे काही वाजलं, ते सगळं माझं. आणि माझी बायको सेसिल खिडकीत उभी राहून ते ऐकायची. रात्री भाकरी वाढताना म्हणायची, “काय वाजवलं हो आज कैतानभाऊंनी वळणावर! काटा आला अंगावर.”

मी भाकरी मोडत राहायचो. दुसऱ्या कुणी कैतानची तारीफ केली असती तर सोसली असती. पण घरचं माणूस माझ्याच ताटात वाढताना माझंच वाजवणं त्याच्या नावावर घालत होतं. कधी कधी ती वर म्हणायची, “तुम्ही पण जरा त्यांच्याकडनं शिका.”

सेसिलच्या डोक्यात कैतान बसला तो आमच्या लग्नापासून. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. घरच्या बायका नटूनथटून, डोक्यावर घागरी घेऊन, पुढे बँड लावून विहिरीवर जातात, विहिरीला मान देतात आणि पाणी घेऊन येतात. त्या पाण्याने नवरा-नवरीची आपापल्या घरी अंघोळ. त्या वाटेची एक ठरलेली चाल आहे. मध्ये एक लांब सूर चढत जातो, उतरताना हलतो, आणि म्हाताऱ्या बायका तिथे हमखास डोळे पुसतात. ती चाल तुटता कामा नये, विहिरीपासून दारापर्यंत, नाहीतर अपशकुन. फादर याला अंधश्रद्धा म्हणायचे. बायका फादरांना हो म्हणायच्या आणि चाल तुटू द्यायच्या नाहीत.

माझ्या लग्नात नवरदेव मीच. मी मांडवात पाटावर हळदीचे हात घेऊन बसलेला. म्हणजे कैतानच्या मागे कोणीच नव्हतं. तरी तो विहिरीपर्यंत गेला आणि परत आला, एकही सूर न तुटता. मांडवात शिरताना तो लांब सूर त्याने असा काही चढवला की सगळं गाव गप्प झालं. सेसिल गावातलीच, दोन घरं पलीकडे तिच्या मांडवात बसलेली. तिलाही तो तिथे ऐकू गेला. आजही ती त्या सुराबद्दल बोलते.

मला काय वाटलं, सांगू? वाटलं, बघा, मुद्दाम करतोय. माझ्याच लग्नात मला दाखवून देतोय की तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. त्या दिवशी हा हेवा जो भडकला, तो पुढे विझला नाही.

वर्षं गेली ती देवळाच्या पंचांगाने. पुनरुत्थानाच्या सणानंतर लग्नं, मे महिना तर एकही रविवार मोकळा नाही, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या निळ्या कोटात घामाच्या धारा. जूनला बँड बंद, लावणी सुरू. दमट हवेत कॉर्नेटची बटणं अडकतात म्हणून मी शिलाई मशीनचं तेल घालून कपड्यात गुंडाळून ठेवायचो. गणपतीला हिंदू मंडळांची बोलावणी. ऑक्टोबरात आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. नोव्हेंबरात कबरस्तानात मेलेल्यांची आठवण, मग लग्नं आणि नाताळ. आणि राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस उपवासकाळ. तेव्हा वाद्यांना हात लावायचा नाही. पितळी वाद्यं फुंकणारे आपापली वाटी रुमालात बांधून दुमिंगमास्तरांच्या बायकोकडे देत. त्या वाट्या ती देव्हाऱ्यात क्रुसाखाली ठेवायची. त्या चाळीस दिवसांत मी मटण सोडायचो, विडी सोडायचो. हेवा सोडून बघितला, जमला नाही. उलट रिकाम्या पोटी जास्तच व्हायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. घाटकोपरला एका गुजराती शेटजीच्या मुलाच्या वरातीत घोडा बिथरला. ड्रम वाजला की मागचे पाय झाडायचा, नवरदेव वर बसून देवाचा धावा करतोय. शेटजी म्हणाले, “सगळं बंद करा! फक्त ते आगळवाळा भाई वाजवू दे, घोडाला ते आवडे छे.” आगळवाळा म्हणजे पुढचा, कैतान. त्याने थोडा वेळ वाजवलं, मग आलं कोपर बाहेर. पुढचा पाऊण तास एकट्या कॉर्नेटवर वरात चालली आणि घोडा कोकरासारखा. लग्नघरी शेटजींनी कैतानच्या गळ्यात स्वतःचा हार घातला. मी बघितलं, तो घोडा मात्र सारखा कान मागे, माझ्याकडे वळवत होता. त्या दिवशी मला ओळखलं ते त्या एका जनावराने.

बोरिवलीच्या एका गावठणात एक म्हातारा वारला. आमचा बँड मयतीलाही जायचा, सावकाश शोकाची चाल वाजवत. पेटी उचलायच्या वेळी त्याची म्हातारी मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. “ही रडकी चाल नको. आमच्या उंबराच्या पाण्याला वाजवली ती वाजवा. ह्यानला तीच आवडायची.” मास्तर म्हणाले, “आये, मयतीला लग्नाची चाल? फादर काय बोलतील?” ती हलेना. पेटी खांद्यावर, माणसं खोळंबलेली. मी मनात म्हणतोय, या चालीचं मयतीसाठी नोटेशन कुठे आहे? आणि कैतानने कुणालाही न विचारता ती सुरू केली, इतकी संथ की ती मयतीच्या पावलांशी जुळली. लोकांनी टोप्या काढल्या. फादर काही बोलले नाहीत. परतताना मी कैतानला म्हटलं, “मास्तरांना विचारायचंस तरी.” तो म्हणाला, “अरे, विचारलं असतं तर नाय बोलले असते ना.” मला त्याच्या वाजवण्याचा हेवा होताच, त्या दिवसापासून त्याच्या काळजाचाही वाटायला लागला.

आता मुख्य गोष्ट. ती लिहायची म्हणून तर एवढा वेळ इकडेतिकडे फिरलो.

सत्तर साल उलटलं होतं. आमची बरीच शेतं कारखान्यांच्या शेडखाली गेली होती, पण देवळामागची एक पट्टी शिल्लक होती. आगेऱ्याला फादर तिथे जाऊन विळ्याने पहिल्या लोंब्या कापायचे आणि बँड लावून, साऱ्या गावाला फेरी मारून, त्या देवळात आणायच्या. हा दिवस बँडसाठी मोठा. आजूबाजूच्या गावांतली माणसं यायची, ऐकायची आणि तिथल्या तिथे हिवाळ्यातल्या लग्नांची बोलणी करून जायची. आगेरा चांगला गेला की आमचं सगळं साल चांगलं जायचं.

त्याच्या दोन आठवडे आधी कैतान ओल्या बांधावरून घसरला आणि विळ्याच्या मुठीवर तोंडावर पडला. समोरचा वरचा दात गेला. दात नाही तर ओठाला टेका नाही, आणि टेका नाही तर कॉर्नेटमधून सूर नाही, नुसती हवा.

तो माझ्याकडे आला, एकटाच, तोंडावर रुमाल धरून. “इनास, आगेऱ्याला तू वाजव. सगळंच. मी नुसता धरतो. पुढे खोटा दात बसवून बघू. एवढा आगेरा काढ.”

“काढतो की,” मी म्हणालो. आणि खरंच काढणार होतो.

शेतापासून देवळापर्यंतचा प्रत्येक सूर त्या दिवशी माझा होता. इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. ओठही साथ देत होता. लोक कैतानकडे बघून माना डोलवत होते, आणि कैतान, बिचारा, बोटं हलवत होता. त्याच्या मानेवर घाम मला दिसत होता. आम्ही माझ्या घराच्या वळणावर आलो. सेसिल खिडकी सोडून ओट्यावर येऊन उभी होती, शेजारणीला घेऊन. उंबराच्या पाण्याची चाल आम्ही आगेऱ्यालाही वाजवायचो, तिच्यातला तो लांब सूर जवळ आला. आणि सेसिलने शेजारणीचा हात धरला नि म्हणाली, “ऐक गं, ऐक. आता कैतानभाऊ वर नेतील.”

मी कॉर्नेट तोंडावरून काढलं.

ठरवून नाही, असं अजून स्वतःला सांगतो. पण हात माझाच होता. ड्रम चालू राहिला, झांजा चालू राहिल्या, आणि वरचा सूर नाही. कैतान भर रस्त्यात उभा, कॉर्नेट तोंडाशी, बोटं हलतायत, आवाज नाही. त्याने डावं कोपर बाहेर काढलं. मग आणखी बाहेर काढलं. मला ते दिसत होतं. मी बटणं खटखटवत होतो, जणू ती अडकलीत.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण. मास्तर वळून बघायला लागले. मग कैतानने कॉर्नेट खाली घेतलं, लोकांकडे तोंड केलं आणि मोठा आ करून ती फट दाखवली. “दात गेलाय माझा! काय करता? शेताने खाल्ला!” लोक आणखी हसले, पण आता त्याच्याबरोबर. त्याने मला खांद्याला धरून पुढे ओढलं, स्वतः माझ्या मागे गेला आणि म्हणाला, “आजपास्नं हा पुढे. वाजव रे.”

मी वाजवलं. वाईट वाजवलं.

देवळात फादरांनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. कैतान माझ्या शेजारी गुडघे टेकून होता. तो हळूच म्हणाला, “बटण अडकलं काय रे?”

“हो,” मी म्हणालो. वेदीसमोर.

“ओलं असतं ह्या दिवसांत,” तो म्हणाला. “तेल घालत जा.”

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. मी पहिला कॉर्नेट झालो आणि माझ्या मागे कोणी नव्हतं. गावातली तरणी माणसं कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेली. ओठ फोडून घ्यायला येतोय कोण? कैतानने खोटा दात बसवला, पण तो वाजवताना हलायचा, म्हणून काढूनच टाकला. मग त्याने झांजा घेतल्या आणि झांजाही अशा वाजवल्या की पोरं त्याच्याभोवतीच नाचायची. बोलावणी कमी झाली. लोक विचारायचे, “कैतान वाजवणार काय?” दुमिंगमास्तर वारले, बँड पाच माणसांवर आला. मी चालीत जागोजागी विसावे घालून वेळ मारून न्यायचो. कुमसारला मी हेवा सांगायचो, पण आगेऱ्याचं नाव घ्यायचो नाही. म्हणायचो, तो हेव्यातच आला.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी कैतानच्या थोरल्या मुलीचं, मोनिकाचं लग्न ठरलं. तो घरी आला. “उंबराच्या पाण्याला वाजवशील ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

गावची विहीर तोवर बुजवली होती. दुसरी विहीर मोठ्या रस्त्यापलीकडच्या पाड्यात, दुप्पट अंतरावर. आणि तिथून मांडवापर्यंत चाल तुटायची नाही. विसावे घालायची सोय नाही. जाताना ठीक गेलं. येताना रस्ता ओलांडेपर्यंत ओठ बधिर झाला. अलीकडच्या चिंचेपाशी तोंडात रक्ताची चव आली. मागे बायका, डोक्यावर भरलेल्या घागरी, आणि मांडव अजून दिसत नाही. काय झालं कळलं नाही, माझं डावं कोपर आपोआप बाहेर गेलं. मी इतकी वर्षं जिची वाट बघितली तीच खूण मी आज दुसऱ्याला करत होतो, आणि मागे कोणी नव्हतं.

सूर तुटला.

तुटता तुटता पाठीमागून आवाज आला, माणसाचा. कैतान. मुलीचा बाप, त्याने खरं तर मांडवात पाहुण्यांपाशी असायचं. तो झांजा काखोटीला मारून माझ्या डाव्या खांद्यामागे चालत होता, मला माहीतही नव्हतं. तो ती चाल तोंडाने गात होता, आ आ करत, फटीतून हवा जातेय, तरी मोठ्याने. मग बायकांनी ती उचलली. घागरी डोक्यावर घेऊन पंधरा-वीस बायका गात निघाल्या आणि चाल मांडवाच्या दारापर्यंत गेली. दारात त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी कॉर्नेट परत लावलं आणि शेवटचा लांब सूर कसाबसा वर नेला.

मांडवामागे त्याने मला मिठाच्या पाण्याचा तांब्या आणून दिला. “चूळ भर. झोंबेल. आठवडाभर भाकर दुधात भिजवून खा.”

“तुला काय माहीत?”

“मला नाय तर कुणाला? तुझ्या उंबराच्या पाण्याला माझा ह्याच्यापेक्षा फाटला होता. मागे कोण होतं? तू पाटावर बसलेला.”

“मला बोलला का नाहीस?”

“नवरदेवाला काय बोलायचं? आणि तू कधी विचारलंस?” तो हसला, ती फट दाखवत. “चल, माझी पोरगी वाट बघतेय.”

घरी सेसिलने तूप गरम करून ओठाला लावायला घेतलं. दिवेलागणीची वेळ, अंगणात पोरं खेळत होती. मला वाटलं, आता बास. मास्तर गेले, बँड संपत आला, शब्द कुणाला दिलेला उरला? म्हटलं, “सेसिल, एक सांगायचंय. आपल्या वळणावर तू जे ऐकायचीस ना, ते कैतान वाजवत नव्हता.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. तिचं बोट माझ्या ओठावरच होतं.

“काय माहीत आहे?”

“तुम्ही वाजवायचा ते. कैतानभाऊंनी सांगितलं. त्या आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले होते, तुम्ही कामावर गेला होता. बोलले, वहिनी, तुमच्या वळणावर मी कधीच नसतो, तिथे इनास असतो. आणि बोलले, त्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून. त्याला स्वतः सांगायची हौस आहे, सांगू दे त्याला.”

“आणि तू इतकी वर्षं गप्प?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते,” ती म्हणाली. “दर आगेऱ्याला वाटायचं, आज सांगाल. नाय सांगितलंत.”

ज्या दिवशी सगळ्या गावासमोर मी त्याची फजिती केली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो दिलेला शब्द मोडून, फुटलेलं तोंड घेऊन, माझं नाव माझ्या बायकोला परत करायला आला होता. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तीसुद्धा त्यानेच आधी सांगितली.

“त्या दिवशी सूर कसा तुटला, ते काय बोलला?”

“बटण अडकलं तुमचं, असं बोलले. पावसाळी हवा.”

“अडकलं नव्हतं,” मी म्हणालो. “मीच थांबलो. तू त्याचं नाव घेतलंस म्हणून.”

सेसिलने हात थांबवला. मग वाटीतलं उरलेलं तूप बोटाने निपटून माझ्या ओठाला लावलं आणि आत गेली. त्या दिवशी तिने माझ्याशी बोलणं बंद केलं ते तीन दिवस. चौथ्या दिवशी मला कैतानकडे धाडलं, ताटात वड्या देऊन. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलेलं. तुझी बटणं कधी अडकत नव्हती, तू तेल घालायचास,” आणि वड्या खायला लागला.

दोन वर्षांमागे तो गेला. मयतीला बँड नव्हता, आता कुणाचाच नसतो. कबरीशी मी जुनं कॉर्नेट नेलं होतं. ती चाल संथ, बोरिवलीला त्याने वाजवली तशी, दोन ओळी जमली. पुढे दात नाहीत माझेही.

परवाच्या पहिल्या शुक्रवारी नव्या फादरांकडे कुमसारला गेलो. तरुण आहेत, माझी यादी त्यांना अजून पाठ नाही. हेवा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “काका, ज्याचा हेवा वाटतो तो माणूस कुठे राहतो?”

“कबरस्तानात, फादर. डावीकडची तिसरी रांग.”

“मग आता कसला हेवा?”

“त्याला माझं एवढं सगळं माफ करता आलं, फादर. मला त्याचं माफ करायला काही सापडलंच नाही.”

त्यांनी तीन नमो मारिया सांगितल्या. मी त्या कैतानसाठीच म्हटल्या, आणि या वेळी त्याला कुठे लांब पाठवायला सांगितलं नाही.